वाचता न येणाऱ्यांसाठी ॲप: मजकूर काढून टाकल्यावर पुढे काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे: बचत गटाच्या सदस्यांसाठी ॲप बनवतो आहोत. भरलेले पैसे, कर्जाचा हप्ता आणि शिल्लक, एवढंच त्यात आहे. बहुतेक सदस्यांना वाचता येत नाही, म्हणून सगळा मजकूर काढून आयकॉन टाकले. तरी तिसऱ्या स्क्रीनच्या पुढे कुणी जात नाही. आता आयकॉन बदलावेत, की बोलून चालणारा सहायक जोडावा?

यातलं काहीही करण्याआधी स्क्रीनची रचना बदला. आयकॉन बहुधा तुम्हाला वाटतात तेवढे वाईट नसावेत. मजकूर ॲपमध्ये निदान चार कामं करत असतो. वरचं शीर्षक आपण कुठे आहोत ते सांगतं. बटणावरचा शब्द दाबल्यावर काय होईल ते सांगतो. दाबल्यानंतर येणारी ओळ काय झालं ते सांगते. आणि जुन्या नोंदींची यादी मागच्या महिन्यात काय झालं होतं ते लक्षात ठेवते. तुमच्या आयकॉननी यातलं फक्त दुसरं काम उचललं आहे, बाकीची तीन कामं वाऱ्यावर आहेत. आत शिरलेल्या माणसाला परत कसं यायचं ते कळत नाही आणि आपल्या पैशाचं काही बरंवाईट झालं का, हे तपासायचा मार्गही नाही. अशा वेळी पुढचं बटण न दाबणं हा त्याचा शहाणपणा आहे, त्याला अडाणीपणा समजू नका.

पुढचं सगळं काही गोष्टींवर अवलंबून आहे आणि त्या तुमच्या प्रश्नात नाहीत. ‘वाचता येत नाही’ या एका वर्णनात फार वेगवेगळी माणसं येतात. कुणाला एकही अक्षर ओळखता येत नाही, कुणी जोडाक्षर नसलेले छोटे शब्द सावकाश लावून वाचतात, कुणाला दुसऱ्याच एखाद्या लिपीत वाचता येतं. आकडे बहुतेकांना ओळखू येतात, कारण पैसे आणि फोन नंबर रोजचेच असतात. पण आकडा ओळखणं आणि १५०० व १५००० यातला फरक नजरेने पकडणं या दोन वेगळ्या क्षमता आहेत. फोन स्वतःचा आहे की घरात एकच, साधा बटणांचा आहे की स्मार्टफोन, ॲप आठवड्याला उघडणार की वर्षातून एकदा, हेही ठरवा. वर्षातून एकदा लागणाऱ्या कामासाठी वाचता न येणाऱ्या माणसाला ॲप शिकवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे फोनवर बोलणारा माणूस ठेवावा. आठवड्याला लागणारं काम मात्र सवयीने पक्कं होतं आणि तुमचं काम त्या प्रकारातलं दिसतं.

हे शोधायचं कसं? ‘तुम्हाला वाचता येतं का?’ असं थेट विचारू नका. चारचौघांत त्याचं खरं उत्तर देणं जड जातं. त्याऐवजी कामं द्या. स्वतःच्या फोनवरून कुणा नातेवाइकाला फोन लावायला सांगा आणि नुसतं पाहा. कागदावरचा दहा आकडी नंबर डायल करायला द्या. १५०, १५०० आणि १५००० अशी तीन कार्डं ठेवून मोठी रक्कम उचलायला सांगा. फोन लावताना बरेच जण नावांच्या यादीत न जाता नुकत्याच झालेल्या कॉलच्या यादीत जातात, फोटो पाहतात, नंबरचे शेवटचे दोन-तीन आकडे ओळखतात किंवा ‘वरून तिसरा’ अशी जागा लक्षात ठेवतात. या सवयी नीट टिपून घ्या, कारण तुमचं ॲप त्यांच्यावरच उभं राहणार आहे.

त्यातली जागेची सवय सगळ्यात मोलाची. वाचता न येणारा माणूस स्क्रीन जागेवरून लक्षात ठेवतो. म्हणून मुख्य स्क्रीनवर चार, फार तर सहा गोष्टी ठेवा आणि त्या कायम त्याच जागी राहू द्या. ‘अलीकडे वापरलेलं वर’ असली हुशारी नको. नवीन आवृत्तीत एखादं बटण हलवलंत, तर शिकलेलं सगळं पुसलं जातं. खाली सरकवल्याशिवाय न दिसणारी गोष्ट या वापरात नसल्यासारखीच धरा. बाजूला ओढणं, दाबून धरणं, तीन रेघांचा मेनू, हे सगळं काढून टाका. मुख्य स्क्रीनवर परत नेणारं बटण प्रत्येक स्क्रीनवर एकाच कोपऱ्यात, एकाच रंगात असू द्या.

स्क्रीनच्या आत किती स्क्रीन उघडतात, याबद्दलही तितकंच कडक राहा. ‘व्यवहार’मध्ये ‘कर्ज’, त्यात ‘हप्ते’, त्यात ‘या महिन्याचा’ अशी उतरंड शाळेत वर्गीकरण गिरवलेल्या माणसाला आपोआप सुचते. मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या बंगळूरमधल्या गटाने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच दिसलं होतं. स्क्रीनवर मजकूर नसतानाही कमी शिक्षण झालेल्या लोकांना अशा उतरंडीतून वाट काढणं अवघड गेलं आणि सगळं एकाच यादीत मांडल्यावर ते सोपं झालं. म्हणजे वाचन ही अडचणीची एक बाजू आहे, अमूर्त गटवारी ही दुसरी. तुमच्या ॲपमध्ये तीन कामं आहेत, तर मुख्य स्क्रीनवर तीन मोठी चित्रं ठेवा आणि प्रत्येक काम तिथून जास्तीत जास्त दोन स्क्रीनमध्ये संपवा.

आता चित्रं. गिअर, ढग, भिंग आणि जुन्या फ्लॉपीचं चिन्ह ही संगणकवाल्यांची आपसातली खूण आहे, ती वगळा. बरोबरची आणि चुकीची खूणसुद्धा शाळेच्या वहीतून आलेली असते. ती सगळ्यांना कळते असं गृहीत धरू नका. वस्तूचं चित्र काढणं सोपं असतं, क्रियेचं अवघड. नुसत्या पैशांच्या चित्रातून पैसे भरायचे की घ्यायचे हे कळत नाही. हात, पेटी आणि नोटेची दिशा दाखवली तर कळतं आणि दोन-तीन चौकटींची छोटी हालचाल दाखवली तर अधिक लवकर कळतं. डावीकडून उजवीकडे ‘आधी’ आणि ‘नंतर’ अशी दोन चित्रं शेजारी ठेवू नका. तो क्रमही वाचनातूनच अंगवळणी पडतो. फोटोपेक्षा साधं रेखाचित्र बरं, कारण फोटोतली बाई कुणीतरी विशिष्ट बाई असते आणि पाहणारा ‘ही कोण?’ यात अडकतो. याला अपवाद माणसांच्या नोंदीचा. तिथे त्या सदस्याचा खरा फोटोच हवा आणि त्याला स्पर्श केल्यावर त्याने स्वतःच्या आवाजात सांगितलेलं नाव ऐकू यायला हवं.

प्रत्येक चित्राला तोंडाने घेता येईल असं नावही असू द्या. मेक्सिको सिटीची मेट्रो १९६९ साली सुरू झाली, तेव्हापासून तिथल्या प्रत्येक स्थानकाला डिझायनर लान्स वायमन यांच्या संकल्पनेतून आलेलं स्वतंत्र चित्रचिन्ह आहे. एखाद्या स्थानकाचं नाव वाचता आलं नाही, तरी कुठलं चित्र दिसलं की उतरायचं हे एक माणूस दुसऱ्याला सांगू शकतो. तुमच्या ॲपमध्येही फोनवरून मदत करणाऱ्याला ‘पेटीचं चित्र दाबा’ असं म्हणता आलं पाहिजे. ‘वरचं निळं गोल काहीतरी’ असं म्हणावं लागत असेल तर ते चित्र बदला.

चित्रांची चाचणी स्वस्तात होते. दहा-बारा जणांना एकेक चित्र सुटं दाखवा आणि ‘इथे काय चाललं आहे?’ असं विचारा. ‘कळलं का?’ विचारलं तर सगळे हो म्हणतील. उत्तरांमध्ये चुकीची उत्तरं आणि उलट अर्थाची उत्तरं वेगळी मोजा. अमेरिकेतल्या सुरक्षाचिन्हांच्या एन्सी झेड५३५.३ या मानकात ८५ टक्के बरोबर उत्तरं आणि घातक गैरसमज ५ टक्क्यांहून जास्त नाही, अशी कसोटी आहे. पैशाच्या ॲपला मी हीच लावतो. ‘भरणे’चं चित्र पाहून एकजण जरी ‘काढणे’ म्हणाला, तरी ते चित्र पुन्हा काढायला घ्यावं.

मात्र चित्राखालचा शब्द पूर्ण काढू नका. एक शब्द, मोठ्या अक्षरात, राहू द्या. सावकाश वाचणाऱ्याला तो आधार होतो, मदत करणाऱ्या नातवंडाला उपयोगी पडतो आणि रोज तेच चित्र व तोच शब्द एकत्र पाहून काहींना तो शब्द ओळखूही येऊ लागतो.

खरं काम आवाजाने करायचं आहे. मजकुराची जी तीन कामं सुटली आहेत, ती आवाजच सांभाळू शकतो. स्क्रीन उघडल्यावर एक वाक्य आपण कुठे आहोत ते सांगेल. प्रत्येक चित्राशेजारी लहान स्पीकरचं चिन्ह असेल, ते दाबल्यावर त्या चित्राचा अर्थ ऐकू येईल. ‘पहिल्या स्पर्शाला बोला, दुसऱ्याला उघडा’ ही पद्धतही चालते, पण रोजच्या वापरात ती कंटाळवाणी होते आणि घाईत दोनदा दाबलं जातं. एक वाक्य ३ ते ६ सेकंदांचं, त्यात एकच सूचना आणि क्रिया वाक्याच्या शेवटी. बोटाचा स्पर्श होताच चालू वाक्य थांबलं पाहिजे, नाहीतर दोन आवाज एकमेकांवर चढतात.

रेकॉर्डिंग त्याच भागातल्या बोलीत, माणसाच्या आवाजात करा. सगळी वाक्यं एकाच माइकवर, शक्यतो सलग बसून करा आणि ज्यांचा आवाज घेतला त्यांची पुढेही गरज लागेल हे आधीच ठरवून ठेवा. सहा महिन्यांनी एकच वाक्य वेगळ्या आवाजात आलं, तर ऐकणाऱ्याला शंका येते. मूळ रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ मोनोमध्ये जपून ठेवा, ॲपमध्ये ओपस या आवाज कमी जागेत साठवणाऱ्या स्वरूपात, १६ केबीपीएसने (सेकंदाला १६ हजार बिट) भरा. सेकंदाला २ केबी लागतात. पाच सेकंदांची २५० वाक्यं म्हणजे सुमारे २.५ एमबी. त्यामुळे आवाज इंटरनेटवरून मागवायचं काहीच कारण नाही, तो फोनमध्येच असू द्या. सुरुवातीची शांतता कापा. अर्धा सेकंद काही ऐकू आलं नाही, तर माणूस पुन्हा दाबतो. आणि आवाज हेडफोनवर न तपासता स्वस्तातल्या फोनच्या स्पीकरवर, गोंगाटात तपासा.

रकमा बोलणं हा मराठीत वेगळाच उद्योग आहे. १ ते ९९ मधला जवळजवळ प्रत्येक आकडा स्वतंत्र शब्द असल्याने ‘चाळीस’ आणि ‘तीन’ जोडून त्रेचाळीस होत नाही. म्हणून ९९ तुकडे वेगवेगळे रेकॉर्ड करावे लागतात. त्यात भर शून्य, शंभर, एकशे ते नऊशे, हजार, लाख आणि चलनाचं नाव यांची. शिवाय लोक १५० ला ‘एकशे पन्नास’ क्वचितच म्हणतात. दीडशे, अडीचशे, साडेतीनशे, दीड हजार, अडीच हजार हेही घ्या. असे सुमारे १२५ तुकडे होतात. प्रत्येक तुकडा दोन सुरांत लागतो: एक वाक्याच्या मध्ये येणारा, एक वाक्य संपवणारा. सूर एकच ठेवला तर ‘दोन हजार… तीनशे’ ही एक रक्कम आहे की दोन, हे ऐकणाऱ्याला ठरवता येत नाही. ‘एकोणीस’ आणि ‘एकोणतीस’ लहान स्पीकरवर सारखे वाटू शकतात, म्हणून रक्कम ऐकवताना स्क्रीनवर मोठा आकडा आणि तेवढ्या नोटांचं चित्रही दाखवा. दोन हजारांसाठी पाचशेच्या चार नोटा मोजता येतात, शून्य मोजताना चुका होतात.

आवाजाचा धोका म्हणजे तो सगळ्यांना ऐकू जातो. शिल्लक आपोआप मोठ्याने बोलू देऊ नका. कर्जाची रक्कम घरात किंवा बैठकीत सगळ्यांसमोर ऐकवली गेली, तर ती सदस्य पुन्हा ॲप उघडणार नाही आणि त्याचं कारणही तुम्हाला सांगणार नाही. फोन कानाला लावला की जवळ आल्याचं ओळखणाऱ्या सेन्सरच्या मदतीने आवाज कानाच्या स्पीकरवर वळवता येतो. शिल्लक तिथेच ऐकू येईल असं करा. फोन कानाला लावणं कुणालाही शिकवावं लागत नाही.

बोलून चालणाऱ्या सहायकाबद्दल माझं उत्तर: आत्ता नको. यंत्राने काय ऐकलं हे तपासायला आपण स्क्रीनवर उमटलेलं वाक्य वाचतो. तुमच्या सदस्यांना नेमकं तेच करता येत नाही, त्यामुळे यंत्राची चूक त्यांना दिसतच नाही. बोली, गोंगाट आणि संकोच यांनी चुका आणखी वाढतात. गुजरातमधल्या ग्रामीण वापरकर्त्यांबरोबर केलेल्या आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत फोनवरच्या माहितीसेवेसाठी बोलण्यापेक्षा आकडे दाबण्याने कामं जास्त पूर्ण झाली होती. त्यानंतर तंत्र खूप सुधारलं आहे, पण मूळ अडचण तीच आहे. पुढे कधी जोडलंत, तर यंत्राला जे समजलं ते त्याने बोलून दाखवायचं आणि होकार मिळेपर्यंत पुढे जायचं नाही, हा नियम पाळा. माणसाने माणसाला पाठवलेला आवाजी निरोप मात्र लगेच द्या. यात यंत्राला काहीच समजावं लागत नाही. रेकॉर्ड करायला एक स्पर्श सुरू, एक स्पर्श बंद असं ठेवा. दाबून धरायला लावलं तर बोट सुटतं आणि निरोप अर्धवट जातो.

काही सदस्यांकडे साधे फोन असतील, तर तेच काम कॉलवर करता येतं. तिथे क्रम महत्त्वाचा: ‘शिल्लक ऐकण्यासाठी दोन दाबा’, ‘दोन दाबा शिल्लक ऐकण्यासाठी’ नव्हे. काम ऐकल्यावरच आकडा लक्षात ठेवायचा की नाही हे ठरतं. एका वेळी चारपेक्षा जास्त पर्याय नकोत. ‘पुन्हा ऐका’साठी सगळीकडे एकच बटण ठेवा. फोन कानावरून काढून बटण शोधून दाबायला वेळ लागतो, म्हणून वाट पाहण्याचा वेळ ८ ते १० सेकंद ठेवा. मिस्ड कॉल घेऊन तुमच्याकडून परत कॉल केला, तर कॉलचा खर्चही सदस्यावर पडत नाही.

पैसे भरल्याची नोंद हा तुमच्या ॲपमधला सगळ्यात नाजूक क्षण. माझा क्रम असा असतो: सदस्याचा फोटो, रक्कम, नोटांचं चित्र, ‘सुनीताबाईंच्या नावावर दीडशे भरायचे आहेत’ असं वाक्य, आणि मग होकाराचं बटण. नोंद झाल्यावर वेगळा ठसठशीत आवाज आणि पुन्हा रक्कम. नंतर काही मिनिटं तीच नोंद ‘परत घ्या’ अशा बटणासह समोर राहते. चूक दुरुस्त करता येते हे एकदा अनुभवलं की माणूस बिनधास्त दाबू लागतो.

पिन चार आकड्यांचा चालतो. बोटाला जागा पाठ होते, म्हणूनच दरवेळी आकडे फिरवणारा कीपॅड इथे वापरू नका. बोटाच्या ठशावर एकट्यावर विसंबू नका, हाताने कष्ट करणाऱ्यांचे ठसे झिजलेले असतात. एसएमएसने येणारा ओटीपी वाचता न येणाऱ्याला फोन दुसऱ्याच्या हाती द्यायला लावतो आणि फसवणुकीची सुरुवात तिथूनच होते. अँड्रॉइडवर एसएमएस रिट्रीव्हर या सोयीने तो ॲपला आपोआप वाचू द्या, नाहीतर कॉलवर आकडे बोलून सांगा. बटणं निदान १२ मिलिमीटरची ठेवा. अँड्रॉइडची ४८ डीपीची (डीपी हे स्क्रीनवरचं माप) शिफारस साधारण ९ मिलिमीटर होते, ती सराव असलेल्या बोटांसाठी ठीक आहे.

शेवटची अडचण तुमच्या ॲपबाहेरची आहे आणि ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते. फोन स्वतः मजकुरातूनच बोलतो: परवानगीची खिडकी, जागा संपल्याची सूचना, ॲप अद्ययावत करण्याची विनंती. यातलं काहीही तुम्हाला बदलता येत नाही. घाबरून दोनदा नकार दाबला, तर अँड्रॉइड ११ पासून परवानगीची ती खिडकी पुन्हा येतच नाही आणि माइक कायमचा बंद राहतो. काही महिने ॲप न उघडल्यास दिलेल्या परवानग्याही काढून घेतल्या जातात. म्हणून ॲप बसवण्याचं काम प्रशिक्षित माणसाने सदस्याच्या शेजारी बसून करावं आणि सगळ्या परवानग्या तेव्हाच घ्याव्यात. प्रत्येक वेळी ॲप उघडताना परवानग्या शाबूत आहेत का ते कोडने तपासावं आणि नसतील तर मदतीच्या माणसाला थेट कॉल लावणारं एकच मोठं बटण दाखवावं.

बदल केल्यावर एका वेळी सहा-आठ जणांबरोबर तपासा. काम द्या, सूचना देऊ नका, मुलांना आणि गटाच्या सचिवाला दूर बसवा. पहिल्या दिवशी सगळेच थोडं अडतात, तो निकाल फारसा काही सांगत नाही. आठवड्याने त्याच लोकांकडे परत जा. काम झाल्यावर फोन बाजूला ठेवायला सांगून एकच विचारा: ‘आत्ता काय झालं?’ रक्कम, नाव आणि भरले की घेतले, या तिन्ही गोष्टी सदस्याने स्वतःहून सांगितल्या तर ती स्क्रीन तयार झाली. एखादी गोष्ट राहिली, तर त्या गोष्टीचा आवाज कुठे वाजतो आणि किती वेळ ऐकू येतो, तिथून दुरुस्तीला लागा.